देणगीदार गेल्यावर राखणदाराचा पगार कोण देतो?

अमेरिकेची ‘यूएसएड’ ही परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था १ जुलै २०२५ पासून बंद झाली. तेव्हापासून या सदराकडे वन्यजीव, पर्यटन आणि परकीय मदत यांविषयी सतत पत्रं येत आहेत. त्यातली काही इथे घेतली आहेत. मी वन्यजीवशास्त्रज्ञ नाही, हिशेबाची माणूस आहे. नामिबियात परकीय अनुदानावर चालणाऱ्या एका संवर्धन प्रकल्पात गावकऱ्यांच्या समित्यांना कीर्द-खतावणी शिकवणं आणि त्यांचे ताळेबंद तपासणं हे माझं काम होतं. त्यामुळे माझी उत्तरं पैसा जिथून आला आणि जिथे गेला, त्या वाटेनंच जातील.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. ज्या देशांत प्यायला धड पाणी नाही, बाळंतपणाला दवाखाना नाही, तिथे श्रीमंत देश हत्ती-सिंहांसाठी पैसे पाठवतात हे मला पटत नाही. आधी माणूस नको का?

आधी माणूस हवाच. रकमा पाहिल्या तर होतंही तसंच आलं आहे. गेल्या काही वर्षांत अमेरिकेची काँग्रेस परदेशांतल्या जैवविविधतेसाठी वर्षाला ३० ते ४० कोटी डॉलर राखून ठेवत असे, आरोग्यासाठीची तिची मदत मात्र अब्जांत असे. वन्यजीवांचा वाटा आधीपासूनच लहान होता.

पण हत्तीवरचा खर्च म्हणजे माणसावर न झालेला खर्च, असं तुम्ही धरून चालला आहात. ते तपासून पाहू. नामिबियाच्या वायव्येला कुनेने हा जवळजवळ वाळवंटी प्रदेश आहे. तिथल्या वाड्यांवर एक कूपनलिका, एक पवनचक्कीचा किंवा डिझेलचा पंप आणि एक टाकी एवढ्यावर माणसं, शेळ्या, गुरं सगळी जगतात. मोठा हत्ती दिवसाला दीड-दोनशे लिटर पाणी पिऊ शकतो. रात्री चार-पाच हत्ती आले की टाकी रिकामी होते आणि ती रिकामी झाली की ते पाइप उखडतात, कारण आत पाणी आहे हे त्यांना कळतं. सकाळी त्या वाडीवरची बाई शेळ्या घेऊन येते तेव्हा चिखल असतो, पाणी नसतं.

यावर तिथे निघालेला उपाय साधा आहे. पंप आणि टाकीभोवती दगडांची रुंद, भक्कम भिंत घालायची आणि हत्तींसाठी थोडं दूर वेगळं टाकं बांधायचं. दगड गावकरी गोळा करतात. सिमेंट, वाळूची वाहतूक आणि गवंड्याची मजुरी अनुदानातून येते. अशा भिंतींची बिलं मी तपासली आहेत. देणगीदाराच्या अंदाजपत्रकात तो खर्च ‘वन्यजीव संरक्षण’ या शीर्षाखाली होता आणि भिंतीच्या आतलं पाणी माणसं पीत होती. दोन्ही कामं एकाच पावतीवर होती.

जगातले हत्ती, सिंह, गेंडे उरले आहेत ते बहुतेक गरीब माणसांच्या शेजारी. त्या शेजाराची किंमत तीच माणसं मोजतात, कधी उभ्या पिकानं, कधी गुरांनी, कधी जिवानं. आणि तो हत्ती जगायला हवा असं वाटणाऱ्यांत दूरच्या शहरांतले आपण सगळे असतो. ज्याला वाटतं त्यानं खर्चात वाटा उचलावा, यात मला वावगं काही दिसत नाही.

प्रश्न : मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. परकीय मदतीतून संवर्धन आणि पर्यटन दोन्ही साधलं, असं ठोस उदाहरण आहे का? आमचे सर म्हणतात की प्रकल्पाची मुदत संपली की असं सगळं विरून जातं.

तुमच्या सरांचं म्हणणं पुष्कळ ठिकाणी खरं ठरलं आहे. पण कुठे विरतं आणि कुठे टिकतं, हे पाहण्यासाठी दोन देश शेजारी-शेजारी ठेवून पाहा. झिंबाब्वे आणि नामिबिया. दोघांनाही अमेरिकेची मदत मिळाली, दोघांनीही ‘वन्यजीवांचं उत्पन्न गावाला मिळालं तर गाव वन्यजीव राखेल’ हाच विचार धरला.

झिंबाब्वेचा ‘कॅम्पफायर’ हा कार्यक्रम १९८९ मध्ये सुरू झाला आणि जगभर त्याचं कौतुक झालं. तिथे बहुतेक उत्पन्न परवाना घेऊन केलेल्या शिकारीतून, त्यातही मुख्यतः हत्तींच्या शिकारीतून येत होतं. अडचण एका जागी होती. वन्यजीवांवरचा अधिकार कायद्यानं गावाला दिला नव्हता, ग्रामीण जिल्हा परिषदेला दिला होता. परिषदेनं निदान निम्मा पैसा गावांकडे सोडावा अशी अपेक्षा होती. तो उशिरा सुटे, कमी सुटे, कधी सुटतच नसे. हत्तीनं मका तुडवला गावाचा आणि धनादेश आला परिषदेच्या नावावर. २००० नंतर देशात राजकीय उलथापालथ झाली, देणगीदार निघून गेले आणि गावांच्या हातात दावा सांगण्यासारखं काही राहिलं नाही.

नामिबियाची सुरुवात परकीय मदतीनं झालेली नाही, आणि मला ती गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ आणि चोरट्या शिकारीमुळे कुनेनेतले हत्ती आणि काळे गेंडे संपत आले होते. तेव्हा वन्यजीव संवर्धनाचं काम करणाऱ्या गार्थ ओवेन-स्मिथ यांनी तिथल्या हेरेरो आणि डमारा समाजांच्या मुखियांशी बोलून गावातलीच माणसं राखणदार म्हणून नेमली. राखणदार मुखियांना जबाबदार होते, सरकारला नाही. पुढे या कामात मार्गरेट जेकबसन यांची साथ मिळाली आणि १९९३ मध्ये दोघांना मिळून गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये देश स्वतंत्र झाला. १९९६ च्या कायदादुरुस्तीनं गावांना ‘कॉन्झर्व्हन्सी’ स्थापण्याचा हक्क दिला. सीमा ठरवा, सभासदांची यादी करा, घटना लिहा, समिती निवडा, फायदा कसा वाटणार ते सांगा, मग तुमच्या हद्दीतल्या वन्यजीवांच्या आणि पर्यटनाच्या उत्पन्नावर तुमचा हक्क. जमीन सरकारचीच राहिली, पण लॉजवाल्यांचा करार थेट गावाशी आणि पैसाही थेट गावाच्या खात्यात. पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी १९९८ मध्ये नोंदल्या गेल्या. आज त्या ८६ आहेत आणि देशाच्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या जमिनीवर पसरल्या आहेत.

यूएसएडचा ‘लाइफ’ हा प्रकल्प तिथे १९९३ ते २००८ असा दीर्घकाळ चालला. त्याचे पैसे कशावर खर्च झाले ते पाहण्यासारखं आहे. शेजारच्या दोन गावांमधला हद्दीचा वाद मिटेपर्यंत वर्षानुवर्षं बैठका घ्याव्या लागल्या, त्यांचा प्रवासखर्च आणि जेवण. लॉजच्या कंपनीशी करार करताना गावाच्या बाजूनं बसणारा वकील. उत्पन्न सुरू होईपर्यंत राखणदारांचे पगार. आणि आमच्यासारखे हिशेब शिकवणारे. फोटो काढण्याजोगं यात फारसं काही नाही. देणगीदारांना इमारतीवर पाटी लावायला आवडतं, म्हणून असा खर्च मंजूर करून घेणं फार जड जातं.

टोरा कॉन्झर्व्हन्सीचं उदाहरण घ्या. तिथले अनेक लोक मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या रीमवासमाक गावचे, वर्णभेदी राजवटीनं १९७०च्या दशकात उचलून या ओसाड भागात आणून सोडलेले. त्यांनी १९९६ मध्ये एका सफारी कंपनीशी करार करून डमारालँड कॅम्प उभा करू दिला आणि मुक्कामाच्या उत्पन्नात हिस्सा घेतला. नोंदणीनंतर काही वर्षांतच टोरा स्वतःचा चालू खर्च स्वतःच्या पैशानं भागवू लागली. राखणदारांचे पगार देणगीदाराच्या खात्यातून निघून गावाच्या खात्यात आले. माझ्या दृष्टीनं तुमच्या सरांच्या शंकेचं उत्तर त्या एका नोंदीत आहे.

एका दुसऱ्या कॉन्झर्व्हन्सीच्या वार्षिक सभेबद्दल सांगते. कोरड्या नदीच्या पात्रात मोठ्या झाडाच्या सावलीत सगळे बसले होते. म्हातारे घडीच्या खुर्च्या घरून घेऊन आलेले. खजिनदार म्हणून निवडून आलेली तरुण मुलगी ओत्जिहेरेरोत, म्हणजे हेरेरोंच्या भाषेत, आकडे वाचत होती, शेजारचा माणूस ते डमारांच्या भाषेत सांगत होता. ती डिझेलच्या आकड्यावर आली तेव्हा मागून एक म्हातारा गुराखी उठला. गाडीनं एवढं डिझेल प्यायलं, मग सिंहानं माझी गाढवं मारली त्या दिवशी गाडी कुठे होती, असं त्यानं विचारलं. मुलीनं गाडीची नोंदवही मागवली. चालकाला उभं केलं. तारीख सापडेना, मग सापडली. त्या दिवशी गाडी समितीच्या अध्यक्षांना घेऊन शहरात गेली होती. पुढचे कितीतरी तास फक्त त्या वहीवर बोलणं झालं आणि शेवटी ठराव झाला की दर तिमाहीला नोंदवही सभासदांपुढे वाचायची आणि समितीचा प्रवासभत्ता कमी करायचा.

हीच समिती, हीच गाडी. डिझेल अनुदानातून येत होतं तेव्हा ती वही कुणी मागितली नव्हती. पैसा लॉजच्या कराराचा, म्हणजे आपल्या स्वतःचा झाला, तेव्हा म्हातारा उठला. देणगीदाराचे प्रतिनिधी सभेला होते. त्यांना कुणीच काही विचारलं नाही आणि तेच योग्य होतं.

आता दुसरी बाजूही तुमच्या सरांना सांगा. ज्या कॉन्झर्व्हन्सीत देखणे डोंगर नाहीत आणि रस्ता धड नाही, तिथे लॉज येत नाही. अशा गावांना शिकारीच्या परवान्यांवर अवलंबून राहावं लागतं किंवा अनुदानावर. २०१३ नंतरच्या लांबलेल्या दुष्काळात वायव्येकडचे गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक हे हरणांसारखे प्राणी झपाट्यानं कमी झाले, सिंह गुरांवर तुटून पडले आणि गुरं गेलेल्या माणसाला लॉजच्या हिश्शातून मिळालेली रक्कम नुकसानीच्या जवळपासही पोचली नाही. देशातले हत्ती १९९५ मध्ये सुमारे ७,५०० होते, आता ते २० हजारांच्या वर आहेत. हे यश आहे, आणि प्रत्येक वाढलेल्या हत्तीचं पाणी कुठल्या तरी वाडीच्या टाकीतून जातं.

प्रश्न : शाळेत भूगोल शिकवते. यूएसएड बंद झाल्याचा जंगलांवर नेमका काय परिणाम होतो? पर्यटनाचं उत्पन्न ती जागा भरून काढणार नाही का?

काही थोड्या ठिकाणी भरून काढेल, बहुतेक ठिकाणी नाही. जानेवारी २०२५ मध्ये मदत गोठवण्याचा आदेश निघाला तेव्हा चालू प्रकल्पांना काम थांबवण्याच्या सूचना गेल्या. अशा वेळी पहिल्यांदा थांबतं ते इंधन, मग शिधा, मग पगार. गस्त थांबल्याचं शिकाऱ्यांना कळायला वेळ लागत नाही.

काँगोच्या खोऱ्यातल्या वर्षावनांसाठी अमेरिकेचा एक कार्यक्रम १९९५ पासून चालू होता. तिथल्या बहुतेक जंगलात पर्यटक जातच नाहीत. ना रस्ते, ना सुरक्षितता, ना उघड्या माळावर दिसणारे प्राण्यांचे कळप. जंगल पृथ्वीच्या दृष्टीनं अनमोल आणि पर्यटनाच्या दृष्टीनं जवळपास शून्य, अशी ही जागा. पर्यटनावर सगळा भार टाकणाऱ्यांनी आधी हा नकाशा पाहावा. मुलांना शिकवताना आफ्रिकेच्या नकाशावर सेरेंगेटीचं गवताळ मैदान आणि काँगोचं खोरं शेजारी दाखवा, फरक त्यांच्या लगेच लक्षात येईल.

दुसरं असं की पर्यटनही एका रात्रीत थांबू शकतं. २०२० मध्ये करोनामुळे विमानं बंद झाली तेव्हा नामिबियातले लॉज ओस पडले. त्या वेळी परकीय देणग्यांतून आणीबाणीचा निधी उभा राहिला आणि राखणदारांचे पगार चालू राहिले. तेव्हा पर्यटन पडलं आणि मदतीनं सावरलं. आता मदत पडली आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की पर्यटन ज्या खर्चाला कधीच पुरणार नाही त्या खर्चाची तरतूद मदत चालू असतानाच करून ठेवायला हवी.

ती करता येते. युगांडातल्या बविंडी आणि मगाहिंगा या गोरिलांच्या जंगलांसाठी १९९०च्या दशकात ‘जागतिक पर्यावरण सुविधा’ (जीईएफ) या पर्यावरणाच्या कामांना पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीनं सुमारे ४० लाख डॉलर दिले, ते खर्चायला नव्हे, गुंतवायला. मुद्दल तसंच ठेवायचं आणि परताव्यातून शाळा, दवाखान्याच्या खोल्या, संशोधन, आसपासच्या गावांची कामं करायची. विश्वस्त मंडळात स्थानिक लोकांना जागा दिली. रक्कम मोठी नाही, पण ती पुढच्या निवडणुकीत रद्द होत नाही. जर्मनीच्या पुढाकारानं २०२१ मध्ये सुरू झालेला लेगसी लँडस्केप्स फंडही याच दिशेनं गेला आहे. निवडलेल्या प्रत्येक क्षेत्राला वर्षाला सुमारे १० लाख डॉलर, तेही १५ वर्षं.

१५ वर्षं हा आकडा पाहून मला खरंच बरं वाटलं. नेहमीचा प्रकल्प तीन ते पाच वर्षांचा असतो आणि गोरिलाची मादी साधारण चार वर्षांतून एकदा विते. एका पिल्लाच्या जन्मावर प्रकल्पाचं यशापयश ठरवायचं आणि अहवाल लिहून मोकळं व्हायचं, हे मी पाहत आले आहे आणि ते चुकीचं आहे.

प्रश्न : संवर्धनाच्या नावाखाली आदिवासींना जंगलातून हाकलतात, राखणदार मारहाण करतात, आणि त्यालाच परकीय मदत मिळते. याबद्दल तुमच्यासारखे लोक का बोलत नाहीत?

तुमचा राग रास्त आहे. बविंडी १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथल्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बाट्वा लोकांना बाहेर काढलं गेलं. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून नुकसानभरपाईच्या यादीत त्यांची नावंच आली नाहीत. वर ज्या निधीचं मी कौतुक केलं त्यानं पुढे त्यांच्यासाठी काही जमीन घेतली. पण जंगल गेलं ते गेलंच.

२०१९ मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या काही उद्यानांमधल्या रक्षकांनी स्थानिकांवर केलेल्या अत्याचारांच्या बातम्या बाहेर आल्या आणि त्या उद्यानांना वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर ही संस्था मदत करत होती. संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवाधिकार उच्चायुक्त नवी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली. २०२० मध्ये आलेल्या तिच्या अहवालानं संस्थेला मानवाधिकारांच्या बाबतीत कमी पडल्याबद्दल जबाबदार धरलं. अमेरिकेच्या सरकारनंही काही निधी रोखला.

टांझानियाचं उदाहरण तर थेट तुमच्या विषयाचं आहे, कारण तिथे संवर्धन आणि पर्यटन एकत्र होतं. देशाच्या दक्षिणेकडच्या उद्यानांत रस्ते, धावपट्ट्या, पर्यटकांसाठी सोयी करायच्या म्हणून जागतिक बँकेनं २०१७ मध्ये १५ कोटी डॉलर मंजूर केले. पुढे रुआहा राष्ट्रीय उद्यानाच्या विस्ताराला लागून असलेल्या गावांतून तक्रारी आल्या. गावं उठवण्याची भीती, रक्षकांची मारहाण, गुरं जप्त करणं. बँकेच्या तपासणी मंडळाकडे २०२३ मध्ये प्रकरण गेलं. एप्रिल २०२४ मध्ये बँकेनं पैसे सोडणं थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये प्रकल्पच रद्द झाला.

अशा प्रकल्पांची अंदाजपत्रकं वाचताना मी एक गोष्ट हटकून पाहते. गस्त, वाहनं, गणवेश, प्रशिक्षण यांची शीर्षं असतात. गावकऱ्यानं तक्रार कुठे करायची, ती नोंदवणाऱ्या माणसाचा पगार, तपास करणाऱ्याचा प्रवास, खटला लढायला वकील, यांचं शीर्ष बहुतेक वेळा नसतं किंवा ‘इतर’मध्ये बुडालेलं असतं. ज्याला पैसे ठेवलेले नाहीत ते काम होत नाही, इतकं हे सरळ आहे. तपासणी मंडळापर्यंत पोचायला रुआहाच्या गावकऱ्यांना बाहेरच्या संस्थांची मदत लागली. ज्या गावाला अशी मदत मिळत नाही त्याचं काय होत असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

राखणदाराच्या हातात काठी किंवा बंदूक द्यायची असेल तर तक्रारीचा खर्च त्याच मंजुरीपत्रात हवा आणि पहिला हप्ता सुटण्याआधी तक्रार घेणारा माणूस नेमलेला हवा. हे नसेल तर पैसे देऊच नयेत, भले गेंड्यांचं नुकसान होवो. यावर माझे काही जुने सहकारी माझ्याशी सहमत नाहीत.

प्रश्न : ‘गेंड्यांचे रोखे’ निघाले आहेत असं वाचलं. हा काय प्रकार आहे? ही मदत म्हणायची की कर्ज?

मार्च २०२२ मध्ये जागतिक बँकेनं १५ कोटी डॉलरचे पाच वर्षांचे रोखे काढले. गुंतवणूकदारांना नेहमीसारखं व्याज मिळत नाही. ती रक्कम दक्षिण आफ्रिकेतल्या अॅडो एलिफंट राष्ट्रीय उद्यानाला आणि ग्रेट फिश रिव्हर राखीव क्षेत्राला काळ्या गेंड्यांसाठी जाते. गेंड्यांची वाढ ठरलेल्या दरानं झाली तर मुदतीअखेर गुंतवणूकदाराला मुद्दलाबरोबर यशाचा मोबदला मिळतो आणि तो मोबदला जागतिक पर्यावरण सुविधा देते. म्हणजे उद्यानांवर कर्ज नाही, जोखीम गुंतवणूकदाराची आणि निकालानंतरचं अनुदान परकीय मदतीतून. गेंडे मोजता येतात, त्यांची नोंद काटेकोर असते, म्हणून इथे हे जमतं. जिथे प्राणी मोजणंच कठीण आहे किंवा खरा प्रश्न गावाच्या हक्काचा आहे, तिथे हा मार्ग उपयोगाचा नाही.

प्रश्न : मी छोटी सहल-संस्था चालवते. आफ्रिकेत आणि नेपाळमध्ये गट घेऊन जाते. हल्ली प्रत्येक लॉज स्वतःला ‘शाश्वत’ म्हणवतं. खरं कोणतं, हे मी बाहेरून कसं ओळखू?

ताई, तुमच्या हातात बरंच काही आहे, कारण आरक्षण करण्याआधी तुम्ही प्रश्न विचारू शकता आणि लॉजला तुमचा गट हवा असतो. बांबूचे कप आणि टॉवेल रोज न धुण्याची पाटी यांच्याकडे सध्या लक्ष देऊ नका. पहिला प्रश्न जमिनीचा. लॉज ज्या जागेवर उभं आहे ती कुणाची आणि करार कुणाशी आहे? रवांडात सबिन्यो ज्वालामुखीच्या पायथ्याशी एक महागडं लॉज आहे. त्याची मालकी गावकऱ्यांच्या संघाकडे आहे आणि चालवायला खाजगी कंपनी आहे. ते उभं राहताना परकीय मदत झाली होती. आज पाहुण्यांच्या प्रत्येक रात्रीमागे संघाला ठरलेली रक्कम मिळते. अशा ठिकाणी ‘रात्रीमागे किती आणि कुणाला’ या प्रश्नाचं उत्तर व्यवस्थापक लगेच देतो.

त्याच देशात गोरिला पाहण्याच्या परवान्याची किंमत २०१७ मध्ये दुप्पट होऊन १,५०० डॉलर झाली आणि उद्यानांच्या पर्यटन-उत्पन्नातला गावांचा हिस्सा ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला. तुमचे ग्राहक किंमत पाहून कुरकुरले तर त्यांना हा हिस्सा सांगा. तो अजून वाढायला हवा, असं माझं मत आहे.

नेपाळमध्ये अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचं प्रवेशशुल्क सरकारी तिजोरीत न जाता क्षेत्र सांभाळणाऱ्या विश्वस्त संस्थेकडे राहतं आणि तिथल्याच कामांवर खर्च होतं. १९८६ मध्ये हे काम सुरू झालं तेव्हा पैसा बाहेरून आला होता, पुढे शुल्कानं मोठा भार उचलला. तिथल्या छोम्रोंग गावात रॉकेलचा डेपो उघडला गेला आणि त्याच्या वरच्या भागातल्या लॉजना सरपण जाळायला बंदी झाली. तुमच्या गटाला गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे पैसे मोजावे लागतात त्यामागे हे आहे. म्हणून तिथे लॉज निवडताना स्वयंपाक आणि पाणी कशावर तापतं ते विचारा आणि पोचल्यावर मागच्या अंगणात जाऊन लाकडं रचलेली आहेत का ते स्वतः पाहा.

नामिबियात जाणार असाल तर लॉज कोणत्या कॉन्झर्व्हन्सीत आहे ते विचारून घ्या आणि गटाचा अर्धा दिवस तिच्या कार्यालयासाठी ठेवा. राखणदार गस्तीवर जी नोंदवही नेतात ती तिथे पाहायला मिळते. कुठे कुठला प्राणी दिसला, कुठे सापळा सापडला, कुणाच्या किती शेळ्या गेल्या, सगळं हातानं लिहिलेलं असतं आणि महिन्याचे तक्ते भिंतीवर असतात. तो राखणदार स्वतः समजावून सांगतो. या भेटीचे पैसे सहलीच्या दरात आधीच धरा आणि कार्यालयात पावती घेऊन द्या, वाटेत कुणाच्या हातात देऊ नका.

आणि शक्य असेल तर एखादा गट गर्दीच्या हंगामाबाहेर न्या. पावसाळ्यात गवत वाढतं, प्राणी कमी दिसतात, दर उतरतात आणि लॉज माणसं कमी करतं. त्या महिन्यांत किती स्थानिक कामगार पगारावर राहतात, हे लॉजला लेखी विचारा. आकडा आला तर तो तुमच्या माहितीपत्रकात छापा.